हाय, न्हाय आणि कानातलं बूच

माझे दोन कान एका मापाचे नाहीत, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी आयुष्यभर मी त्यांत झुमके घातले, सर्दीला कापूस घातला, शाळेत बाईंनी ते पिळले, पण डाव्याचं भोक बारकं आणि उजव्याचं मोठं अशी शंकासुद्धा कधी आली नाही. ते कसं कळलं, आणि कळल्यावर बेळगावच्या अनगोळात घरी बसलेल्या या टायपिस्ट बाईनं पुण्याच्या तीन शिकलेल्या माणसांना कसं गप्प केलं, ते सांगते. फुशारकी मारणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तीस वर्षं मी बेळगावात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग केलं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही. साहेब थकले, ऑफिस बंद झालं आणि मी घरी बसले. घरी बसलेल्या बाईला सगळे म्हणतात, आता आराम कर. आराम दोन महिने पुरतो. तिसऱ्या महिन्यात मी घासलेले डबे परत घासायला काढले. तेवढ्यात साहेबांच्याच ओळखीतून एक काम आलं. पुण्याची काही मंडळी आमच्या सीमाभागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडत होती, इकडं खानापूर, तिकडं निपाणी, पार कोगनोळीपर्यंत. पुढं ते छापायचं होतं, म्हणून बोलणं ऐकून शब्दाला शब्द टाइप करायचं होतं. पुण्यातल्या पोरींना आमचं बोलणं झेपेना, मध्येच कन्नड आलं की त्यांची बोटं थांबायची. म्हणून इथलंच माणूस पाहिजे होतं.

पण आधी परीक्षा. तीन रेकॉर्डिंगं पाठवणार, ती नीट उतरली तर पुढचं सगळं काम माझं. नाही उतरली तर नमस्कार. मी मनात म्हटलं, मला परीक्षा? तोंडात पान धरून साहेब सांगायचे ते मी तीस वर्षं उतरवलंय. मला काय सांगता!

आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरण आहे. सकाळी आठला पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरतात. त्या आवाजात स्पीकरवर काही ऐकणं शक्यच नव्हतं. डोक्यावरून घालायचा मोठा हेडफोन आणून बघितला, तर चष्म्याच्या काड्या कानाशी दाबून तासाभरात कपाळ उठलं. शेवटी ते कानात घालायचे हेडफोन घेतले, ज्यांच्या टोकाला रबराची बारकी टोपी असते. ती टोपी भोकात घट्ट बसली की बाहेरचं बंद आणि आतलं स्वच्छ, असं डबीवर लिहिलं होतं. मी त्या टोप्यांना बुचं म्हणते. बाटलीला बूच, तसं कानाला.

बातमी फुटायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी निपाणीहून अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेली नर्स.

"कानातलं घेतलंस म्हणं? सांगितलं बी न्हाईस. किती ग्रॅमचं?"

"अगं, सोन्याचं न्हवं. ऐकायचं."

पलीकडनं हळू आवाजात, "ऐकायचं? आत्तापासनं? आप्पांसारखं झालं व्हय गं तुला?"

मी हसले, तिला गिरणीचं, कामाचं सगळं समजावून सांगितलं. पण फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. आमचे आप्पा पन्नाशीतच बहिरे व्हायला लागले होते. आधी लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, मग ओरडायचे, मग बोलायचंच सोडून दिलं. आप्पा पंगतीत सगळ्यांबरोबर हसायचे, पण क्षणभर उशिरा, दुसऱ्यांची तोंडं बघून. मी एकदा त्यांच्यावर चिडून ओरडले होते, "कानात बोळे घातलेत काय?" त्यांना ते मात्र ऐकू आलं. त्याची लाज मला अजून वाटते.

पहिलं रेकॉर्डिंग खानापूरकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. मी डबीतली मधल्या मापाची बुचं लावून दोन दिवसांत उतरवलं आणि रुबाबात पाठवून दिलं. चार दिवसांनी परत आलं ते लालेलाल होऊन.

तपासणाऱ्या मॅडमनी दोन तऱ्हेच्या चुका काढल्या होत्या. पहिली, आजीच्या बोलण्यात जिथं जिथं 'मी माहेरी गेलतो', 'मी आलतो' होतं तिथं खाली लाल रेघ आणि शेरा, 'स्त्री बोलत आहे, क्रियापद तपासा.' हे वाचून माझं डोकं फिरलं. मी थेट फोन लावला. म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं बायका गेलतोच म्हणतात. मी बी म्हणतो. आत्ताच जेवलो, भांडी घासलो, आन् तुम्हाला फोन केलो." मॅडम खळखळून हसल्या आणि सगळ्या रेघा काढून घेतल्या. बाई मोठ्या मनाची होती, खोटं कशाला बोलू.

दुसरी चूक मात्र खरी होती. आजोबा म्हणाले होते, 'हिरीला पाणी हाय, म्हणून गाव सोडलं.' मॅडमनी विचारलं होतं, पाणी आहे तर गाव का सोडलं? बरोबरच होतं त्यांचं. मी ते वाक्य दहा वेळा परत लावलं. दहाही वेळा मला 'हाय'च ऐकू आलं. अर्थानं तिथं 'न्हाय' पाहिजे होतं.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला पाहिजे. आमच्या 'न्हाय'मधला न कुणी फोडून उच्चारत नाही. तो नाकातल्या नाकात, जरासा घुमून जातो आणि पुढचं 'हाय' तेवढं ठसठशीत येतं. समोरासमोर बोलताना मान हलते, हात हलतो, त्यामुळं घोटाळा होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मान दिसत नाही. तिथं सगळी भिस्त त्या घुमण्यावर, आणि तेच मला ऐकू येत नव्हतं. जन्मापासून बोलते ती माझी भाषा, आणि तिच्यातलं होय आणि नाही मला वेगळं कळेना. मला खरंच भीती वाटली. वाटलं, आप्पांचं सुरू झालं ते असंच झालं असणार.

मी भीती मनात ठेवली आणि सगळा राग त्या बुचांवर काढला. मधलं माप जरा मान वळवली की सुटायचं. आमच्या घरात कपडा असो, चप्पल असो, एक माप वाढवूनच घ्यायची रीत. शाळेचा युनिफॉर्म मला दुसरीत घेतलेला चौथीत बसला. त्या हिशेबानं मी सगळ्यात मोठी बुचं लावली. ती कोंबता कोंबता डोळ्यांतनं पाणी आलं, कान लाल झाला आणि आवाज मात्र पत्र्यावर खडे पडावेत तसा कोरडा. मग सगळ्यात बारकी लावली. ती बोलताना सोडा, आवंढा गिळला तरी बाहेर. एकदा भाजीत पडलं. धुऊन परत लावलं.

शेवटी मी कॅम्पातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. मालक माझ्याच वयाचे, शांत, कन्नड बोलणारे. त्यांनी काचेच्या पेटीवर हात टेकून विचारलं, "एन बेक्री, अक्का?" म्हणजे, काय पाहिजे, ताई? मी माझ्या अस्सल कन्नडात सगळी कर्मकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि पेटीतनं स्पंजच्या बुचांचं एक पाकीट काढलं. दाबलं की दबतं आणि सोडलं की सावकाश फुगतं, असलं स्पंज. त्यात तिन्ही मापांच्या जोड्या. पाकीट हातात देताना ते म्हणाले, "होसदु हाक्री."

होसदु म्हणजे नवीन. हाक्री म्हणजे घाला. नवीन घाला. मला वाटलं, बरोबर आहे, रबरी काढून ही नवीन घालायची. घरी येऊन मधल्या मापाची स्पंजची जोडी हेडफोनला बसवली आणि कानात ढकलली. ती अर्धी आत, अर्धी बाहेर, दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. आवाज तसाच कोरडा. दुसऱ्या दिवशी परत दुकानात. "बरोबर बसत न्हाय हो." ते म्हणाले, "होसदु हाक्री, अक्का." मला वाटलं, स्पंज एकदा वापरलं की संपत असणार, दर वेळी नवीन घालायचं. कापसाचा बोळा कोण परत वापरतं? म्हणून मी एक जोडी एकदा घालायची, बसली नाही की केरात टाकायची आणि नवी काढायची. माझा इमानदारपणा बघा. पाकिटं संपत होती आणि मी दुकानात जात होते. तिसऱ्या वेळी मालकांनी चष्म्याच्या वरनं बघितलं आणि म्हणाले, "मत्त बंद्री?" म्हणजे, परत आलात? आणि परत तेच, जरा जोरात, "होसदु हाक्री!" मी पण जोरात म्हटलं, "होसदुच हाकतोय की हो!"

या गोंधळातच दुसरं रेकॉर्डिंग आलं. ते मी अंदाजानं लिहिलं. जिथं शंका येईल तिथं मागचं पुढचं वाक्य बघायचं आणि हाय की न्हाय ते अर्थावरनं ठरवायचं. मॅडमचा निरोप आला, 'अचूक. अभिनंदन.' मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. साहेबांकडं मी एकदाही अंदाजानं टाइप केलं नव्हतं. न कळलं तर उठून विचारायची, शिव्या खायची, पण विचारायची.

आणि मग तिसरं आलं. त्यावरच सगळा निकाल होता, आणि त्यात अंदाज चालणार नव्हता.

निपाणीची एक म्हातारी. तरुणपणी तंबाखूच्या वखारीत चाळायला होती. खोकत खोकत, थांबत सांगत होती. मुकादमानं तिच्या शेजारी बसणाऱ्या गरोदर बाईला ढकललं, तेव्हा हिनं हातातली चाळण त्याच्या पायाशी आपटली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारात तिला अडवलं. सगळ्या बायकांच्या समोर मालकाची माफी माग, मगच आत ये. इथं म्हातारीला खोकल्याची उबळ आली. मग एक वाक्य, "मी माफी मागितली..." आणि पुढं हाय किंवा न्हाय. आणि लगेच, "दोन दिसांनी परत कामावर गेलो."

मागितली असेल तर कामावर घेतलं हे बरोबर. मागितली नसेल आणि तरी घेतलं, तर तेही होण्यासारखं. मागचं वाक्य, पुढचं वाक्य, कुठंच आधार नाही. मला ऐकू येत होतं 'हाय'. पण मला विहिरीच्या पाण्यालाही हायच ऐकू आलं होतं. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बसून राहिले. एका बाईनं जन्मात एकदा मान ताठ ठेवली की वाकवली, ते मी ठरवणार होते, तेही अंदाजानं? माझ्या कानाचा दोष आणि छापून येणार तिच्या नावावर? छे. मी दुपारची बस पकडली आणि निपाणीला अक्काकडं गेले. म्हटलं, कान तपासायचे, आणि जे असेल ते तिच्याच तोंडनं ऐकायचं.

अक्का देवापुढच्या वाती वळत बसली होती. मी पिशवी ठेवायच्या आत रडले. म्हटलं, "अक्का, मला ऐकू येईना झालंय गं. आप्पांसारखं." तिनं कापूस बाजूला ठेवला, हात धुतले, बॅटरी आणली आणि मला उजेडात बसवलं. नर्सची बोटं. तिनं कानाची पाळी धरून कान वर आणि पाठीमागं ओढला आणि आत बघितलं. "मळ न्हाय. सूज न्हाय." दुसरा कान. "हितं बी काय न्हाय." मग माझ्या पाठीमागं जाऊन स्वयंपाकघराच्या दारातनं कुजबुजली, "च्यात साखर किती घालू?"

"एक चमचा," मी म्हटलं.

"हे बघ. बहिरी म्हणं! आप्पांना ह्या वयात शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नव्हतं. तुझे कान घारीच्या डोळ्यावानी हायत. दाखव बघू तुझं ते कानातलं."

मी हेडफोन काढले आणि तिच्यासमोर कानात घालून दाखवले. ती बघत राहिली.

"ही अशीच कोंबतीस? सरळ?"

"मग कशी? दुकानदार म्हणाला नवीन घाला, म्हणून मी रोज नवीन घालतो."

"रोज नवीन? त्यानं काय सांगितलं ते त्याच्याच शब्दात सांग."

"होसदु हाक्री."

अक्कानं माझ्याकडं बघितलं, कापसाकडं बघितलं आणि ती जी हसायला लागली ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मला काही कळेना. एक शब्द बोलायची आणि परत हसायची. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "अगं टायपिस्ट बाई! होसदु न्हवं. होसेदु! वात वळतात त्याला कन्नडात होसेयोदु म्हणतात. बत्ती होसेयोदु. वळून घाल म्हणाला तो बिचारा, वळून! आन् तू नवीन, नवीन करत बसलीस!"

काय सांगू! तीस वर्षं कन्नड टाइप केलं मी, पण ते सगळं कचेरीचं कन्नड. अर्ज, वाटणी, वहिवाट, साक्षीदार. अर्जात कोण वाती वळतं? अक्कानं मात्र अर्धी नोकरी कन्नड खेड्यांत काढलेली, बाळंतिणींच्या घरात, देवघरापासून चुलीपर्यंत. तिला चुलीजवळचं कन्नड येत होतं आणि मला टेबलाजवळचं. तो भला माणूस तीन वेळा तेच सांगत होता आणि मी त्याच्यावर ओरडून आले होते. मलाही हसू फुटलं. आम्ही दोघी मग एवढ्या हसलो की चहा उतू गेला.

"आता घे, वळ," अक्का म्हणाली. वाती वळायला मला कुणी शिकवायला नको. स्पंजचं बूच अंगठा आणि बोटात धरून वळलं, ते काडीएवढं बारीक झालं. "आता डोक्यावरनं दुसरा हात घाल आन् कान वर, पाठीमागं ओढ. कानातली वाट वाकडी असती, ओढली की सरळ होती. औषध घालताना आम्ही तसंच करतो. हां, आता घाल. सोडू नगो, बोट लावून धर." मी धरून बसले. आत स्पंज सावकाश फुगत गेलं आणि उजव्या बाजूनं रस्त्यावरचे हॉर्न, नळ, अक्काच्या बांगड्या, एकेक करून सगळं बंद झालं. मी 'अक्का' म्हटलं तर माझाच आवाज डोक्यात घुमला, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा.

डावा मात्र तसाच. घातलं की दुखायचं आणि थोड्या वेळानं स्पंज स्वतःच बाहेर सरकायचं. अक्कानं परत बॅटरी लावून बघितलं. "ह्याचं भोक बारकं हाय गं. ह्याला बारकं घाल."

"एका कानात मधलं आन् एका कानात बारकं? जोडी मोडायची?"

"चपला हायत व्हय त्या? कोण बघायला येतंय तुझ्या कानात?"

डाव्याला पाकिटातलं बारकं घातलं. वळलं, कान ओढला, धरून ठेवलं. बसलं. असं बसलं की खोली नाहीशी झाली. मी मान हलवली, आवंढा गिळला, मुद्दाम तोंड वेडंवाकडं केलं, बूच हललं नाही. बावन्न वर्षांत मी कधी एवढी खूश झाले असेन तर माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी.

मग मी ते रेकॉर्डिंग लावलं. मी काय सांगू ते! आधी त्या म्हातारीच्या श्वासाची घरघर आली, जी मी कधी ऐकलीच नव्हती. मग कुठंतरी कोंबडी. वाकळ सरकवल्याचा आवाज. तिच्या आवाजाला खाली एक भरदार बूड होतं, तेच इतके दिवस सैल बुचातनं गळून जात होतं आणि माझ्या वाट्याला नुसती वरची किणकिण येत होती. खोकला झाला. मी डोळे मिटले.

"मी माफी मागितली न्हाय."

न होता. नाकातला, घुमलेला, अस्सल आमच्याकडचा न. मी परत लावलं. न. परत लावलं. न! मी टुणकन उठले, अक्काचे दोन्ही खांदे धरून हलवले आणि ओरडले, "न्हाय अक्का, न्हाय!" कानात बुचं होती, त्यामुळं किती मोठ्यानं ओरडले ते मला कळलं नाही. शेजारीण काय झालं म्हणून दारात आली. अक्का तिला म्हणाली, "काय न्हाय. तिला न्हाय ऐकू आलं."

शेजारीण गेली ती गोंधळूनच गेली असणार.

घरी आल्यावर मी पहिलं रेकॉर्डिंगही परत लावलं. विहिरीला पाणी न्हायच होतं. पलीकडं गिरण चालू होती, मांडणीवरच्या वाट्या थरथरताना डोळ्यांना दिसत होत्या आणि माझ्या कानात फक्त आजोबा. तिन्ही फाइली परत तपासून पाठवल्या. मग कॅम्पात जाऊन त्या दुकानदारांना भेटले, दोन बोटांनी वात वळून दाखवली आणि म्हटलं, "होसेदु." त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

आठवड्यानं मॅडमचा फोन. "ताई, काम फार छान झालंय. फक्त तिसऱ्यातलं एक वाक्य. आजींनी माफी मागितली आहे, असं आम्हाला ऐकू येतंय. तुम्ही नाही लिहिलंय. इथं तिघांनी ऐकलं, तिघांचं एकमत आहे. मी तेवढं बदलून घेऊ का?"

पूर्वीची मी असते तर घाबरून घ्या बदलून म्हटलं असतं. मी विचारलं, "तिघांनी कशावर ऐकलंत?"

"लॅपटॉपवर. सगळे एकत्र बसून."

"मग तिघांनी नव्हे, तीस जणांनी ऐकलं तरी हायच ऐकू येणार. बदलायचं नाही, मॅडम. मी ऐकलंय. न्हायच आहे. माझं काम गेलं तरी चालेल, पण ते वाक्य बदलायचं नाही."

मॅडम म्हणाल्या, "तसंही छापण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवायचं असतं. तुम्हीच जाल का आजींकडं? त्या म्हणतील ते खरं."

भीती वाटली, कशाला नाही म्हणू. पण गेले.

म्हातारी निपाणीत एका बोळात राहायची. पुढच्या खोलीत वाकळेवर बसली होती, हाडाची काडी झालेली, डोळे मात्र लखलखीत. सून भिंतीला टेकून लसूण सोलत होती. मी कागद काढून पहिल्यापासून वाचायला लागले. म्हातारी मान हलवत होती, मध्येच 'हां, हां' म्हणत होती. गरोदर बाईला ढकललं तिथं तिनं डोळे पुसले. वखारीचं दार आलं. मी एकदा श्वास घेतला आणि वाचलं, "मी माफी मागितली न्हाय."

"थांब," म्हातारी म्हणाली.

मी थांबले.

"ती ओळ परत वाच."

मी परत वाचली. सुनेच्या हातातला लसूण तसाच राहिला. ती म्हणाली, "पर आत्या, तुमी मागितली म्हणूनच सगळी सांगत्यात की. मामंजी बी तसंच सांगायचे."

"तुज्या मामंजीनं मागितली," म्हातारी म्हणाली. "माज्या नावानं, मला न इचारता, मागल्या दारानं जाऊन. मला कळलं तवा लई दिस झालतं. मी बोललो, तर कुणाला ऐकू गेलं न्हाय. त्या पुण्याच्या पोरीला बी मी तेच सांगितलो. आता तू कागदावर उतरलीस न्हवं?"

"उतरलंय, आजी. न्हाय म्हणूनच उतरलंय."

म्हातारीनं वाकळेवर हात टेकला आणि सुनेकडं बघितलं.

"उठ, ते बोळाकडचं दार उघड," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आता मोठ्यानं वाच."